ओल्या वाळूवर मांडा भारताचा सर्वकालीन फुटबॉल संघ

ओहोटीला वाळू घट्ट झाली की काठीने सव्वापाच मीटर लांब, ३.४ मीटर रुंद चौकट आखा. १०५ बाय ६८ मीटरचं मैदान, वीसपट लहान. म्हणजे इथले ५ सेंमी हा तिथला १ मीटर. आपल्या अकरा करवंट्या पालथ्या, प्रत्येकीवर खडूने नाव. समोरच्या संघाला अकरा जांभ्याचे तुकडे. बॉल म्हणून सुपारी.

नावं लिहायच्या आधी रचना ठरवा. उलट केलंत तर चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी, बलराम, नेव्हिल डिसोझा, विजयन, भुतिया, छेत्री असे सातही जण हवेसे वाटतात, सगळ्या करवंट्या पुढे जाऊन बसतात आणि मधला पट्टा ओसाड पडतो. आपल्याकडे पुढचे खेळाडू उदंड. त्यांच्या मागे धावणारे निवडणं हेच खरं काम.

४-२-३-१ घ्या, म्हणजे गोलीपुढे चार बॅक, दोन हाफ, मग तिघे आणि टोकाला एक. गोलात थंगराज. बॅकला उजवीकडून सुधीर कर्माकर, जर्नैल सिंग, अरुण घोष, शैलेन मन्ना. त्यांच्या पुढ्यात हाफ, म्हणजे मधल्या पट्ट्यातले, केंपैया आणि फॉर्च्युनातो फ्रँको. फ्रँको गोव्याचा, १९६२ला जकार्तातल्या आशियाई खेळांत सुवर्णपदकाच्या सामन्यात हाफला होता. मग बॅनर्जी, चुनी, बलराम. टोकाला छेत्री. गोव्याचा गोली ब्रह्मानंद शंखवाळकर बाकावर का, म्हणून बांद्यापलीकडून, गोव्यातून, ओरडा होणारच. ज्यांना खुपतंय त्यांनी थंगराजला बाकावर बसवावं, रचना तीच राहते.

आता अंतरं. स्टॉपरपासून (मधल्या बॅकपासून) छेत्रीपर्यंत ३० ते ३५ मीटर, म्हणजे वाळूवर दीड ते पावणेदोन मीटर. बॅकमध्ये आपसात १० ते १२ मीटर, म्हणजे ५० ते ६० सेंमी. सुपारी डाव्या कडेला नेली की गोली सोडून सगळ्या करवंट्या डावीकडे सरकवा. कर्माकर दोन्ही गोल जोडणाऱ्या रेषेजवळ आला पाहिजे. बहुतेक जण सुपारीजवळच्या तीनच करवंट्या हलवतात. मग समोरच्याने एक लांब पास उजवीकडे टाकला की तिथे कोणी नसतं.

समोरच्याला दाबायचं ते रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी ओढायचं मोठं जाळं, ओढल्यासारखं. एका बाजूचा दोर ढिला पडला की मासळी त्याच बाजूने जाते. त्यांच्या गोलीने डाव्या बॅकला बॉल दिला की बॅनर्जी त्याच्यावर जातो, छेत्री मागे स्टॉपरकडे जाणारा पास अडवतो, चुनी त्यांच्या हाफला चिकटतो, बलराम आत येतो. त्याच क्षणी कर्माकरने १५ मीटर वर यायचं. तो दोन सेकंद उशिरा निघाला तर बॅनर्जीच्या पाठीमागे त्यांचा विंगर बॉल घेऊन वळतो आणि जर्नैल एकटा सापडतो. पहिली ओढ फसली तर पाठलाग करत बसू नका: बॅनर्जी आणि बलराम खाली उतरून हाफच्या रांगेत, चार-चारच्या दोन ओळी.

मन्नाला वर पाठवू नका. बॅकने मागे राहायचं त्या जमान्यातला तो खेळाडू. कर्माकर वर, मन्ना खाली, तोल आपोआप येतो.

एका गोलने मागे असाल तर शेवटची दहा मिनिटं जर्नैलला पुढे काढा. त्याच्या डोक्याला जखम असताना प्रशिक्षक रहीमसाहेबांनी १९६२च्या उपांत्य आणि अंतिम सामन्यात त्याला फॉरवर्डला खेळवलं. अंतिम सामन्यात त्याने गोल केला आणि दक्षिण कोरियावर २-१ विजय मिळाला. मात्र तो गेला की फ्रँको घोषच्या शेजारी उतरलाच पाहिजे. पेनल्टी छेत्रीची, हे आधीच ठरवा. १९४८ला लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध आपण दोन पेनल्ट्या घालवल्या आणि २-१ हरलो.

भरती यायच्या आत एक हाफ उचलून पाहा: लाल कार्ड. दहा जणांत ४-४-१ करायचं तर एका हाफच्या जागी बाकावरचा नूर मोहम्मद आणि बाहेर जाणार चुनी. तिथे हात धजत नाही, म्हणून लोक बॅनर्जीला काढतात, आणि पुढच्याच मिनिटाला सुपारी उजव्या कडेने थंगराजपर्यंत पोचते.