लेझर अल्ट्रासाउंड: पॉवर वाढवण्याआधी या चुका टाळा

लेझर अल्ट्रासाउंडमध्ये एका लेझरची पल्स नमुन्यात ध्वनितरंग उठवते आणि दुसऱ्या लेझरवर चालणारा इंटरफेरोमीटर पृष्ठभागाची कंपनं टिपतो. सिग्नल दिसला नाही की नवशिक्याचा हात आधी लेझरच्या पॉवरवर जातो. गडबड तिथेच सुरू होते. 10 मिलिज्यूलची, 10 नॅनोसेकंदांची पल्स म्हणजे 1 मेगावॉट. ती 5 मिमी व्यासाच्या स्पॉटवर पडली तर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम 5 मेगावॉट. ॲल्युमिनियम नुसतं तापून फुगतं, डाग पडत नाही. स्पॉट 1 मिमी केला की तोच आकडा 127 वर जातो आणि पृष्ठभाग उडायला लागतो. सिग्नल झकास, पण प्रत्येक पल्सला खड्डा वाढतोय. एकाच जागी 64 पल्स मारून ॲव्हरेज काढणं म्हणजे 64 वेगळ्या पृष्ठभागांची खिचडी. सरळ खाली जाणारा अनुतरंग (ज्यात कण प्रवासाच्याच दिशेने पुढेमागे हलतात) जोरदार हवा असेल तर थोडं उडू द्या, पण दर पल्सला नमुना सरकवा.

दुसरी चूक शून्य वेळेची, म्हणजे मोजणी कुठल्या क्षणापासून सुरू होते त्याची, आणि ही जास्त वेळ खाते. 10 मिमीची ॲल्युमिनियम प्लेट, एका बाजूने लेझर, दुसऱ्या बाजूने इंटरफेरोमीटर. वेग येतो सेकंदाला 5,900 मीटर, यायला हवा 6,300 च्या आसपास. मग चर्चा रंगते: मिश्रधातूच वेगळा असेल, रोलिंगचा परिणाम असेल. प्रत्यक्षात ऑसिलोस्कोपचा ट्रिगर (मोजणी सुरू करणारा इशारा) लेझरच्या पॉवर सप्लायमधून घेतलेला असतो आणि प्रकाश त्यानंतर 100 नॅनोसेकंदांनी बाहेर पडतो. प्रवासच 1.59 मायक्रोसेकंदांचा, त्यात एवढी भर म्हणजे 6 टक्के चूक. ट्रिगर फोटोडायोडवरूनच (प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवरूनच) घ्यावा. काचेच्या तुकड्यावरून परतलेला प्रकाश पुरतो. तरीही पहिल्या आगमनाचा आकडा एकटा वापरू नये. पहिलं आगमन आणि त्यानंतरचा प्रतिध्वनी यांतला फरक घ्या: जाऊन-येऊन 20 मिमी, सुमारे 3.17 मायक्रोसेकंद. केबल असो की ट्रिगर, दोन्हींचा उशीर वजाबाकीत निघून जातो.

रेले तरंगांसाठी, म्हणजे पृष्ठभागालगत धावणाऱ्या तरंगांसाठी, 5 मिमीचा गोल स्पॉट वापरू नका. 5 मेगाहर्ट्झला त्यांची तरंगलांबी 0.6 मिमीसुद्धा भरत नाही. सिलिंड्रिकल लेन्सने 0.3 मिमी रुंद रेघ करा आणि ऊर्जा 2 मिलिज्यूलवर आणा.

खडबडीत नमुन्यावर साधा मायकेलसन इंटरफेरोमीटर लावून स्पेकलशी (परतलेल्या प्रकाशातल्या उजळ-काळ्या ठिपक्यांशी) झटापट करण्यात अर्थ नाही. तिथे टू-वेव्ह मिक्सिंगचा किंवा कन्फोकल फॅब्री-पेरोचा इंटरफेरोमीटर हवा. चकाकणारी टेप चिकटवून काम उरकणारेही भेटतात. टेपचा गोंद वरच्या वारंवारता गिळतो, आणि मग क्षीणन (तरंगाची घट) टेपचं मोजलं जातं, धातूचं नाही.

गॉगल दोन्ही लेझरच्या तरंगलांबींचा हवा. 1064 नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही.