कॅरेक्टर जगची किंमत काढण्याआधी दुरुस्ती शोधा

रॉयल डौल्टन या इंग्लिश कंपनीचा माणसाच्या चेहऱ्याच्या आकाराचा जग (हँडलचं भांडं), म्हणजे आठवा हेन्री किंवा चर्चिल, हाती आला की बहुतेक जण आधी इंटरनेटवर भाव बघतात. हा क्रमच चुकीचा आहे. शाबूत जग आणि जोडून रंगवलेला जग फोटोत सारखेच दिसतात, भावात मात्र फार मोठा फरक पडतो. आधी जग तपासा, भाव नंतर.

१. ओळख पटवा. नुसतं डोकं आणि खांदे असतील तर कॅरेक्टर जग, अख्खा माणूस असेल तर टोबी जग. उंची मोजून ठेवा.

२. बूड वाचा. सिंह-मुकुटाच्या शिक्क्याजवळचा 'डी' नंबर नमुना आणि आकार सांगतो. हेन्रीच्या बुडावरचं १९७५ हे नमुन्याच्या हक्काचं (कॉपीराइटचं) वर्ष आहे, जग त्याच वर्षी बनला असं नाही. १९२८ ते १९५४ या काळातल्या मालावर मुकुटाच्या उजवीकडे बारीक आकडा असू शकतो. त्यात १९२७ मिळवा: १३ असेल तर १९४०. शिक्क्यावर मुद्दाम मारलेला ओरखडा किंवा मधोमध पाडलेलं छिद्र म्हणजे कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला माल.

३. आवृत्ती पाहा. आठव्या हेन्रीची राणी ॲन ऑफ क्लीव्हज हिच्या जगाच्या हँडलवर घोड्याचं डोकं आहे. आधीच्या जगांवर त्याचे कान ताठ होते. ते तुटत, म्हणून नंतर चपटे केले. ताठ कानांना मागणी जास्त, आणि नेमके तेच कान पुन्हा बसवलेले सापडतात. हेन्रीला दोन हँडल असून त्यांवर सहा राण्या असतील, तर तो १९९१ नगांचा वेगळा, मर्यादित जग आहे. १९४० चा दोन हँडलांचा पांढरा चर्चिल आणि १९९२ चा रंगीत चर्चिल यांचीही गल्लत करू नका.

४. दुरुस्ती शोधा. घाई नडते ती इथेच.

'टिचकी मारा, खणखणीत वाजला तर शाबूत' हा सल्ला विसरा. हे जग बहुतेक जाड मातीचे असतात, बोन चायनासारखे (पातळ चिनी मातीच्या भांड्यांसारखे) वाजत नाहीत. हँडल तुटून जोडलेलं असलं तरी आवाजात फारसा फरक पडत नाही. बद्द आवाज आला तर तडा शोधा, पण चांगल्या आवाजावर विसंबू नका.

जग कोमट पाण्याने पुसून कोरडा करा. गरम पाण्यात भिजवू नका, जुना सांधा सुटतो. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून जग हळूहळू फिरवा. टोपीची कड, नाक, दाढीचं टोक आणि हँडलचे दोन्ही सांधे दोनदा बघा. झिलईची चमक मध्येच मंदावली, किंवा झिलईवरचं बारीक जाळं एखाद्या रेषेवर अचानक थांबलं, तर तिथे वरून रंगाचा फवारा मारलेला असण्याची दाट शक्यता आहे. दहापट भिंगाखाली अशा जागी रंगाचे सूक्ष्म ठिपके दिसतात. संशयित जागा ओठाला लावा: झिलई गार लागते, दुरुस्तीत भरलेली राळ कोमट.

अतिनील दिवा ३६५ नॅनोमीटरचा घ्या. स्वस्त ३९५ चे टॉर्च सगळंच जांभळं करतात. जुना डिंक आणि वार्निश वेगळे चमकतात, पण अलीकडची काही द्रव्यं अजिबात चमकत नाहीत. म्हणून 'दिव्याखाली काही दिसलं नाही' याचा अर्थ 'दुरुस्ती नाही' असा घेऊ नका. ॲसिटोनचा बोळा वरून मारलेला रंग उतरवतो, भट्टीतला रंग हलत नाही. पण दुसऱ्याच्या वस्तूवर परवानगीशिवाय हा प्रयोग नको.

भट्टीत पडलेल्या चिरेत झिलई उतरलेली असते आणि कडा गोलसर असतात. वापरात गेलेला तडा धारदार असतो, त्यात मळ साचतो. पहिल्याने भाव थोडा उतरतो, दुसऱ्याने खूप.

५. भाव काढा. विक्रेत्यांनी मागितलेले आकडे बाजूला ठेवा. त्याच 'डी' नंबरचे, त्याच आकाराचे, त्याच अवस्थेतले लिलावात खरोखर विकले गेलेले निदान पाच आकडे गोळा करा. खरेदीदाराने भरलेल्या आकड्यात लिलावगृहाचं शुल्क धरलेलं असतं, विकणाऱ्याच्या हाती कमी येतं. विम्यासाठी दुकानातला बदली भाव (तसाच जग पुन्हा घ्यायचा तर पडणारी किंमत) धरतात, तो याहून चढा असतो, म्हणून दोन्ही आकडे वेगळे लिहा. मोठ्या संख्येने निघालेले नमुने जुन्या किंमत-पुस्तकांत फुगवलेले दिसतील. ती पुस्तकं आवृत्ती ओळखायला वापरा, भावासाठी नाही.