हलका स्केटबोर्ड रॅम्प कसा बनवायचा: आधी वजनाचा हिशोब, मग करवत

रॅम्प बनवणारे बहुतेक जण पहिला रॅम्प इतका जड करतात की तो जिथे बनला तिथेच पडून राहतो. दणकट हवा म्हणून १८ मिमीचा प्लाय, जाडजूड लाकडं, पृष्ठभागाला तीन थर, आणि शेवटी हलवायला चार माणसं बोलवावी लागतात. दुसऱ्या टोकाला हलका करायचा म्हणून पृष्ठभागच पातळ करणारे असतात आणि त्यांचा रॅम्प पहिल्याच जोरदार लँडिंगला "कट्ट" करतो. हे दोन्ही टाळायचं असेल तर कुठला भाग किती वजन खातोय हे आधी कागदावर काढा. साधारण प्लायचं वजन घनमीटरला ६०० किलोच्या आसपास धरलं तर हिशोब सोपा आहे. २४४ × १२२ सेमीचा अख्खा शीट १८ मिमीचा असेल तर ३२ किलो, १२ मिमीचा साडेएकवीस आणि ६ मिमीचा पावणेअकरा किलो. तुमच्याकडचा प्लाय थोडा जड किंवा हलका निघेल, पण अंदाज यायला एवढं पुरे.

इथे आपण ३० सेमी उंचीचा, १२२ सेमी रुंदीचा किकर, म्हणजे उडी मारायचा छोटा रॅम्प, बनवू. दोघांनी आरामात उचलावा, एकट्याने ढकलत न्यावा इतपत हलका.

माप कसं काढायचं

रॅम्पचा वळसा म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा. दोन गोष्टी ठरवायच्या, उंची किती आणि वर्तुळाची त्रिज्या किती, बाकी सगळं त्यातून येतं. जमिनीवर रॅम्प किती लांब जागा घेणार ते असं काढायचं: दोन गुणिले त्रिज्या गुणिले उंची, त्यातून उंचीचा वर्ग वजा, आणि आलेल्या आकड्याचं वर्गमूळ. त्रिज्या २४० आणि उंची ३० घेतली की १३५०० चं वर्गमूळ, म्हणजे साधारण ११६ सेमी. वरच्या टोकाला कोन येतो जवळपास २९ अंश, उडी शिकायला हा ठीक आहे. त्रिज्या कमी केली, समजा १५० घेतली, तर लांबी ९० सेमीवर येते, रॅम्प अजून हलका होतो, पण टोकाचा कोन ३७ अंशांच्या जवळ जातो आणि नवख्या माणसाला तो सरळ वर फेकतो. वजन वाचवायला कोन वाढवायचा हा सौदा मला तरी पटत नाही.

२४० ही त्रिज्या मी निवडली त्याला अजून एक कारण आहे. ह्या वळशाची वरून मोजलेली लांबी १२१ सेमीच्या थोडी वर भरते, आणि शीटची रुंदी असते १२२. म्हणजे ६ मिमीचा एक शीट मधोमध कापला की दोन चौकोन मिळतात, दोन्ही पृष्ठभागाला पुरतात, वाया काहीच जात नाही.

आता हिशोब बघा. पृष्ठभागाचे दोन थर मिळून पावणेअकरा किलो. बाजूच्या दोन आणि मधली एक अशा तीन रिब (वळशाच्या आकारात कापलेल्या उभ्या फळ्या) १२ मिमी प्लायच्या, एकेक जेमतेम ८०० ग्रॅम, म्हणजे तिन्ही मिळून अडीच किलोच्या आत. ४० × ४० मिमीच्या आडव्या रिपा आणि मागची चौकट धरून ७ किलो. पुढची लोखंडी पट्टी साडेतीन. स्क्रू, गोंद, रंग सगळं धरून २४-२५ किलो. ह्यात रिपांच्या जागी ३८ × ८९ ची लाकडं टाकली तर एकेका ओळीचं वजन दुपटीच्या वर जातं, आणि ३० सेमी उंचीच्या रॅम्पला त्याची काहीच गरज नसते. नेटवर रिबमध्ये गोल-त्रिकोणी भोकं पाडलेले रॅम्प दिसतात, दिसायला भारी असतात, पण आपली रिबच ८०० ग्रॅमची आहे तर भोकं पाडून वाचणार किती, दोनशे ग्रॅम? उगाच तासभर जिगसॉ (वळणं कापायची विजेची करवत) चालवायचा. ते उंच रॅम्पला करा.

वळसा आखणे

अडीच मीटरची एक सरळ पट्टी घ्या. एका टोकाला खिळ्यासाठी भोक, तिथून बरोबर २४० सेमीवर पेन्सिलसाठी भोक. सुतळी वापरू नका, ती ताणली जाते आणि वळसा वाकडा येतो. प्लाय जमिनीवर सपाट ठेवा, त्याची खालची कड म्हणजे जमीन समजा. रॅम्प जिथे सुरू होणार त्या बिंदूपासून काटकोनात २४० सेमीवर खिळा यायला हवा. एवढा मोठा काटकोन गुण्याने नीट येत नाही, म्हणून ९०-१२०-१५० चा त्रिकोण मोजून घ्या. आखून झालं की तपासा: सुरुवातीपासून ६० सेमीवर उंची साडेसात सेमीच्या किंचित वर, ९० वर साडेसतरा, ११६ वर ३०. जुळत नसेल तर खिळा सरकलाय.

पहिली रिब कापून घ्या, तीच ठेवून बाकीच्या दोन आखा, कापा, मग तिन्ही एकत्र क्लॅम्प करून कडा एकदमच घासा. तिघींमध्ये दोन मिमीचा जरी फरक राहिला तरी पृष्ठभाग पिळला जातो आणि बोर्ड एका बाजूला ओढतो. कापताना डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क हवाच, प्लायचा भुसा फार बारीक असतो.

रिबचं पुढचं टोक कागदासारखं पातळ होत जातं, ते तसंच ठेवलं तर तुटणारच. जिथे रिब १२ मिमी उंच आहे, म्हणजे सुमारे २४ सेमीवर, तिथे सरळ छाटून टाका.

सांगाडा

इथे लोक अडकतात कारण ४० मिमीची रीप पुढच्या भागात मावतच नाही, ४० सेमीवर रिबची उंचीच ३४ मिमीच्या आसपास आहे. म्हणून पहिली ओळ २४ सेमीवर, उरलेल्या १२ मिमी प्लायची पट्टी आडवी. दुसरी ४० सेमीवर, २० मिमी जाडीची चपटी पट्टी. तिथून पुढे ४० × ४० च्या रिपा, साधारण ५८, ७४, ९० आणि १०४ वर, आणि शेवटची अगदी टोकाला. दोन ओळींमध्ये १८ सेमीपेक्षा जास्त अंतर नको, पृष्ठभाग पातळ आहे त्याला आधार जवळजवळ लागतो. पुढची पहिली जागा तेवढी मोठी राहते, पण तिथे प्लायची कड थेट जमिनीवर टेकते आणि वरून लोखंडी पट्टी येते, त्यामुळे चालतं.

रिपा मधल्या रिबपाशी तुटतात, म्हणजे प्रत्येक ओळीत दोन तुकडे. १२२ मधून तीन रिबची जाडी वजा केली की प्रत्येक तुकडा ५९.२ सेमी. हे सगळे तुकडे एकाच मापाचे यायला हवेत, म्हणून एकेक मोजत बसू नका, करवतीपाशी एक ठोकळा घट्ट बसवा, त्याला टेकवा आणि कापा. प्रत्येक टोकाला गोंद आणि दोन-दोन स्क्रू, ६० मिमीचे, आधी बारीक भोक पाडून, नाहीतर रीप टोकाला चिरते. पुढच्या चपट्या पट्ट्यांना एवढे स्क्रू मावत नाहीत, तिथे गोंद आणि आतून छोटे लाकडी ठोकळे लावा. मधल्या रिबवर दोन्हीकडून तुकडे येतात, स्क्रू समोरासमोर आले तर एकमेकांना आडवे जातात, म्हणून एका बाजूची ओळ सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर सरकवा. एकच स्क्रू लावला तर रीप त्याच्याभोवती फिरते, मग रॅम्पवर पाय ठेवला की करकर आवाज येत राहतो आणि तो नंतर जात नाही.

मागच्या बाजूला तिन्ही रिबना आतून उभी ४० × ४० ची रीप चिकटवा आणि खाली एक आडवी टाका. सगळा दणका टोकाला बसतो, तिथे नुसता १२ मिमीचा प्लाय उभा असेल तर तो फाकतो.

पृष्ठभाग

६ मिमीचा प्लाय ह्या वळशाला हाताने दाबला तरी वाकतो, भिजवायची वगैरे काही भानगड नाही. खालच्या थराचे रेषे रॅम्पच्या लांबीच्या दिशेने ठेवा, म्हणजे रिपांच्या मधल्या जागेवर त्याचा जोर येतो. वरचा चौकोन फक्त पाव घेर फिरवून आडवा लावा. दोन्ही थर पुढून सुरू करून एकेका रिपेवर दाबत वर न्यायचे. स्क्रू ४० मिमीचे, दर १५ सेमीवर, आणि नेहमी रिपेत. पुढच्या दोन पातळ ओळींवर मात्र आखूड स्क्रू घ्या, नाहीतर टोकं खालून बाहेर येतील. रिबच्या कडेत स्क्रू मारायचा मोह होतो, पण प्लायच्या कडेत तो धरत नाही, थर फक्त उकलतात.

डोकी पृष्ठभागाच्या अर्धा-एक मिमी खाली जायला हवीत. काउंटरसिंक (स्क्रूचं डोकं बसायला केलेला खळगा) जास्त खोल गेला तर ६ मिमीमध्ये धरायला लाकूडच उरत नाही आणि काही दिवसांनी प्लाय स्क्रूवरून वर उचलला जातो. ड्रिलचा वेग कमी ठेवा, शेवटचे दोन वेढे हाताने द्या. दोन थरांमध्ये गोंद लावायचा का? लावला तर पृष्ठभाग कडक होतो हे खरं, पण वरचा थर झिजला की बदलता येत नाही. मी लावत नाही. वरचा थर हार्डबोर्डचा करणारेही आहेत, तो गुळगुळीत असतो, पण त्याच जाडीत प्लायपेक्षा बराच जड, आणि पाणी लागलं की फुगतो.

पुढे १२ मिमीची पायरी उरते. त्यावर दीड मिमी जाडीची, २५ सेमी रुंदीची लोखंडी पट्टी टाका, ८-१० सेमी प्लायवर आणि बाकीची जमिनीवर टेकलेली. पुढची कड आणि कोपरे कानशीने घासून गोल करा, पडल्यावर हात नेमका तिथेच जातो.

रंग लावताना खालची बाजू आणि कडा आधी, दोन-दोन हात. प्लाय पाणी कडेतूनच पितो. वर मॅट रंगाचा एक पातळ हात बस, चकचकीत वार्निशवर चाकं घसरतात.

हलका रॅम्प मागे सरकतो त्याचं काय

सरकणारच, २५ किलोच्या वस्तूवर ७० किलोचा माणूस वेगात येतोय. त्यासाठी रॅम्प जड करायचा नाही, वजन जागेवर भरायचं. रिबच्या खाली रबराच्या पट्ट्या चिकटवा आणि मागच्या पोकळीत दहा-दहा लिटरचे दोन कॅन आडवे ठेवून पट्ट्याने बांधा. २० किलो झाले, आणि घरी जाताना पाणी ओतून द्यायचं. वाळूच्या पिशव्याही चालतात, पण फाटल्या की ती वाळू बेअरिंगमध्ये जाते. मागच्या खालच्या कडेला दोन छोटी चाकं अशी लावा की रॅम्प तिरका केल्यावरच ती जमिनीला टेकतील, मग एकट्याने ओढून नेता येतो.

क्वार्टर पाइप करायचा असेल तर

क्वार्टर पाइप म्हणजे वर जाऊन परत खाली यायचा उंच रॅम्प. पद्धत हीच, आकडे बदलतात. उंची ६० आणि त्रिज्या १८० घेतली तर लांबी १३४ सेमी, टोकाचा कोन ४८ अंश. असे वळसे १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रिकाम्या पोहण्याच्या तलावांत स्केटिंग करता करता रुळले, टोकाला पाइप बसवायची पद्धतही तलावाच्या काठावरून आली. हा पाइप वजनाचा मोठा चोर आहे: ६० मिमी व्यासाचा, ३ मिमी जाडीचा लोखंडी पाइप मीटरला सव्वाचार किलो भरतो, तोच ४८ मिमीचा २ मिमी जाडीत घेतला तर सव्वादोन. ग्राइंडला, म्हणजे बोर्डाचे धातूचे आस पाइपवर घासत जायला, दोन्ही चालतात. पाइप पृष्ठभागापेक्षा ६ ते १० मिमी बाहेर यायला हवा, कमी ठेवला तर चाकांना तो लागतच नाही आणि जास्त ठेवला तर परत आत येताना चाक अडकून माणूस तोंडावर पडतो. इथे रिब १८ मिमीच्या घ्या आणि भोकं जरूर पाडा, फक्त कोपरे गोल ठेवा आणि सगळ्या कडांना ७ सेमी तरी लाकूड सोडा, चीर नेहमी टोकदार कोपऱ्यातून सुरू होते. एकसंध न बनवता ६१ सेमी रुंदीचे दोन भाग करून मध्ये चार बोल्टांनी जोडले तर दारातूनही जातो.

पहिल्यांदा वापरण्याआधी टोकावर उभं राहून दोन-चार उड्या मारा. हलल्यासारखं वाटलं तर मागच्या उभ्या रिपांचे स्क्रू बघा, बहुतेक वेळा तिथेच ढिलाई असते. पहिल्या दिवशी हेल्मेट घालून, कमी वेगात, नुसतं वर जाऊन खाली या. तासाभराने सगळे स्क्रू परत एकदा आवळा, लाकूड दबतं आणि डोकी वर येतात. घरी ठेवताना रॅम्प मागच्या बाजूवर उभा करा, खाली दोन ठोकळे घालून.