ट्रॅव्हल आणि बिझनेस क्रेडिट कार्ड: वेलकम बोनस रुपयांत कसा मोजायचा

दोन कार्डांची तुलना करायला बसताना बँकेचं पान उघडू नका. आधी गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंट उघडा. वेलकम बोनस (नवं कार्ड घेतल्यावर एकदाच मिळणारं बक्षीस), माइलस्टोन (ठरावीक खर्च गाठल्यावर मिळणारं जादा बक्षीस), विमानतळावरचं लाउंज, फी माफी या सगळ्यांची किंमत तुमचा खर्च कुठे आणि किती होतो यावर ठरते. एकच कार्ड एका घरी वर्षाला दहा हजार मिळवून देतं आणि शेजारच्या घरी पाचशेचा खड्डा पाडतं.

खर्चाचे चार ढीग

वर्षभराच्या खर्चाचे चार ढीग करा: विमान कंपनी किंवा हॉटेलला थेट दिलेले पैसे, किराणा-कपडे-औषधं-ऑनलाइन खरेदी असा रोजचा खर्च, परदेशी चलनातला खर्च आणि चौथा म्हणजे बँका ज्यावर सहसा काहीच देत नाहीत तो. चौथ्या ढिगात पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे आणि कर येतात. अनेक कार्डांवर विमा, शाळेची फी आणि वीजबिलही येतं. हा ढीग लोक विसरतात आणि सगळ्या हिशेबाची गफलत तिथेच होते.

कोणता खर्च कुठल्या ढिगात जाईल हे दुकानाच्या पाटीवर ठरत नाही. प्रत्येक व्यापाऱ्याला एमसीसी, म्हणजे धंद्याचा प्रकार सांगणारा चार अंकी कोड असतो आणि बँक तोच पाहते. पेट्रोल पंप ५५४१, घरभाडं ६५१३, विमा ६३००, कर ९३११, हॉटेल ७०११, प्रवासी एजन्सी ४७२२. म्हणून विमानाचं तिकीट एखाद्या बुकिंग साइटवर काढलं की तो खर्च बहुधा ४७२२ खाली जातो आणि ‘थेट विमान कंपनीकडे पाचपट पॉइंट’ ही सवलत लागू होत नाही. मोठी रक्कम भरण्याआधी त्याच ठिकाणी शंभर-दोनशे रुपयांचा व्यवहार करून पॉइंट किती पडले ते पाहिलं, तर पुढचा मनस्ताप वाचतो.

एक माइल म्हणजे किती पैसे?

माइल्स म्हणजे खर्चावर जमा होणारे प्रवासाचे पॉइंट, पण दहा हजार माइल्स म्हणजे दहा हजार रुपये नव्हेत. तुम्ही खरोखर करणार असलेला एखादा प्रवास घ्या आणि असा भागाकार करा: रोख भाड्यातून माइल्सच्या तिकिटावर भरावे लागणारे कर वजा करा, उरलेल्याला लागणाऱ्या माइल्सनी भागा. समजा पुणे-दिल्ली तिकीट रोखीने ६,८०० रुपयांना आहे आणि माइल्सवर ७,५०० माइल्स अधिक १,२०० रुपये लागतात. ५,६०० भागिले ७,५००, म्हणजे माइलला सुमारे ७५ पैसे. पण त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचं विमान ५,४०० रुपयांत मिळत असेल आणि तुम्ही एरवी तेच घेतलं असतं, तर माइलची किंमत ५६ पैशांवर येते. तुलना नेहमी तुम्ही खिशातून खरोखर दिली असती त्या रकमेशी करा. बिझनेस क्लासचं ९०,००० रुपयांचं तिकीट माइल्सवर मिळालं म्हणून माइल तीन रुपयांचा धरू नका; ते तिकीट तुम्ही रोखीने काढलं नसतंच.

बँकेच्या स्वतःच्या पोर्टलवर पॉइंट वापरायचे असतील, तर तिथलं हॉटेलचं भाडं बाहेरच्या भाड्याशी ताडून पाहा. ‘एक पॉइंट एक रुपया’ असं असलं, तरी पोर्टलवरचा दर दहा टक्के चढा असेल तर तो रुपया सुमारे नव्वद पैशांचा झाला. काही बँका पॉइंट वापरताना ९९ रुपये अधिक जीएसटी असं शुल्कही घेतात.

दोन कार्डं, एकच घर

समजा एका घराचा कार्डावरचा वर्षाचा खर्च ४,२०,००० रुपये आहे. त्यात विमा ४८,०००, पेट्रोल ४२,००० आणि शाळेची फी ६०,०००, म्हणजे १,५०,००० चौथ्या ढिगात. हिशेबाचा खर्च उरला २,७०,०००.

कार्ड ‘अ’ची फी ५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. वेलकम बोनस २,५०० माइल्स, शंभर रुपयांना २ माइल्स आणि ३ लाखांच्या खर्चावर आणखी २,५००. कार्ड ‘ब’ची फी जीएसटीसह १,१८०, सुरुवातीला १,००० रुपयांचं व्हाउचर, हिशेबाच्या सगळ्या खर्चावर एक टक्का आणि २ लाखांवर पुढच्या वर्षीची फी माफ.

पहिल्या वर्षी ‘अ’वर ५,४०० अधिक २,५००, म्हणजे ७,९०० माइल्स मिळतात. पोर्टलवर माइल एक रुपया धरला, तर फी वजा जाता २,००० रुपये उरतात. ३ लाखांचा माइलस्टोन हुकला, कारण एकूण खर्च चार लाखांवर गेला तरी मोजला गेलेला खर्च पावणेतीन लाखांच्या आतच राहिला. ‘ब’वर २,७०० अधिक १,०००, वजा १,१८०, म्हणजे २,५२० उरतात. दुसऱ्या वर्षी ‘अ’चा बोनस नाही पण फी आहे: ५,४०० वजा ५,९००, म्हणजे ५०० रुपये तोटा. ‘ब’वर २,७०० निव्वळ.

आता हेच घर या २,७०,००० पैकी ८०,००० रुपये विमान आणि हॉटेलला थेट देत असेल आणि ‘अ’ त्यावर शंभराला ५ माइल्स देत असेल, तर वर्षाला ७,८०० माइल्स होतात. पोर्टलवर वापरले तर दुसऱ्या वर्षी १,९०० उरतात, म्हणजे अजूनही ‘ब’ पुढे. मात्र ‘अ’चा एक माइल विमान कंपनीच्या दोन माइल्समध्ये बदलता येत असेल आणि त्या माइल्सचे तुमच्या प्रवासात ८० पैसे मिळत असतील, तर ७,८०० माइल्सचे १२,४८० रुपये होतात. फी काढून ६,५८०. तोच खर्च, तेच कार्ड, पण माइल्स कुठे वापरता यावर १,९०० आणि ६,५८० एवढा फरक पडतो. माइल्स बदलून तिकिटं शोधण्याचा आणि तारखा पुढे-मागे करण्याचा तुम्हाला उरक नसेल, तर ‘ब’सारखं साधं कार्ड घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

पहिलं आणि दुसरं वर्ष वेगळं मांडण्याचं कारणही यातच आहे. वेलकम बोनस एकदाच येतो, फी दरवर्षी येते. पहिल्या वर्षाच्या आकड्यावर कार्ड घ्या, दुसऱ्या वर्षाच्या आकड्यावर ठेवायचं की नाही ते ठरवा.

बोनस कुठे बुडतो

सर्वांत जास्त बोनस तारखेवर बुडतो. ‘पहिल्या ३० दिवसांत’ किंवा ‘९० दिवसांत इतका खर्च’ या अटीचे दिवस बहुधा कार्ड मंजूर झाल्यापासून मोजले जातात, कुरिअर हातात पडल्यापासून नाही. कुरिअरला आठवडा लागला तर तो तुमच्या मुदतीतून गेला. शेवटच्या दिवशी केलेला खर्चही धोक्याचा, कारण अनेक बँका व्यापाऱ्याकडून रक्कम पक्की झाल्याची तारीख धरतात. मुदत संपायच्या आठवडाभर आधी लक्ष्य गाठा आणि वर पाच टक्के जास्तीचे ठेवा. एखादी वस्तू परत केली की तेवढा खर्च मोजणीतून वजा होतो. ईएमआयमध्ये बदललेल्या खरेदीवरही पुष्कळ कार्डांत पॉइंट मिळत नाहीत.

नवं कार्ड आलं की ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय वापर बंद असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे तो ग्राहकाने स्वतः सुरू करायचा असतो. पहिला ऑनलाइन व्यवहार फसला की बरेच जण कार्ड बाजूला ठेवून देतात आणि मुदत तशीच सरते. ॲपमध्ये जाऊन पहिल्याच दिवशी ही बटणं चालू करा.

दुसरी जागा म्हणजे ‘लाइफटाइम फ्री’. एजंट फी माफ करून देतो म्हणतो तेव्हा वेलकम बोनसही बहुधा सुटतो, कारण तो फी भरल्यावरच जमा होतो. वर्षाला बोनस जास्त की फी जास्त, हे वरच्या हिशेबाने पाहा आणि एजंटचं आश्वासन बँकेकडून ईमेलवर मागा. त्याच बँकेचं कार्ड आधीपासून असेल तर नवीन ग्राहकाचा बोनस लागू आहे का, हेही आधीच विचारा. जुनं कार्ड अपग्रेड केलं तर अनेकदा तो मिळत नाही.

आणि सगळ्यात महागडी चूक: पूर्ण बिल न भरणं. ६०,००० रुपयांवर महिना ३.७५ टक्के म्हणजे २,२५० रुपये व्याज, वर जीएसटी ४०५. एका महिन्यात अडीच हजारांचा बोनस धुतला जातो. बिल पूर्ण भरण्याची खात्री नसलेल्या माणसाने बोनसच्या मागे लागूच नये, हे आम्ही अगदी ठामपणे सांगू.

लाउंज आणि परदेशातला खर्च

लाउंजची किंमत पाटीवरच्या दराने धरू नका. लाउंज नसतं तर विमानतळावर चहा-नाश्त्याला जेवढे दिले असते तेवढीच धरा, माणशी चार-पाचशे पुरेसे आहेत. २०२३ च्या अखेरीपासून अनेक बँकांनी मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला तरच लाउंज, अशी अट घातली. म्हणजे मे महिन्यातल्या प्रवासासाठी जानेवारी ते मार्चमधला खर्च पाहिला जातो. तुम्ही नेहमी जिथून उडता त्या टर्मिनलचं लाउंज यादीत आहे का, आणि अ‍ॅड-ऑन कार्डालाही (तुमच्याच खात्यावर दुसऱ्याच्या नावाने काढलेल्या जोडकार्डाला) प्रवेश आहे का, हेही तपासा. चार जणांच्या कुटुंबात एकालाच फुकट प्रवेश असेल, तर ती सवलत हिशेबात शून्य धरलेली बरी.

परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार, म्हणजे मार्कअप, साध्या कार्डांवर बहुधा ३.५ टक्के असतो, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३. वरच्या दर्जाच्या कार्डांवर अनेकदा २ टक्के, म्हणजे २.३६. दोन लाखांच्या सहलीवर हा फरक ८,२६० आणि ४,७२० असा दिसतो. शून्य मार्कअपची कार्डंही आहेत. परदेशात दुकानदार ‘रुपयांत घेऊ का?’ असं विचारतो तेव्हा नाही म्हणा आणि स्थानिक चलनच निवडा. रुपयांचा दर तो फुगवून लावतो आणि काही बँका अशा रुपयातल्या परदेशी व्यवहारावरही वेगळा एक टक्का घेतात.

एकाच विमान कंपनीचं कार्ड

जेट एअरवेजची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या नावाच्या कार्डांवरची मोफत तिकिटं पूर्वीसारखी राहिली नाहीत. कंपनीच्या नावाचं कार्ड घ्यायचं तर बोनसचं तिकीट साठवू नका, वर्षाच्या आत वापरा. कर तुम्हालाच भरावा लागतो आणि सणासुदीच्या तारखा वगळलेल्या असू शकतात, हेही धरून चाला. अनेक कंपन्यांमध्ये बदलता येणारे बँकेचे पॉइंट त्यामानाने सुरक्षित असतात.

व्यवसायाचं कार्ड

इथे बोनसपेक्षा दोन गोष्टी जड आहेत: ४५ ते ५० दिवसांपर्यंतची बिनव्याजी मुदत आणि जीएसटी. अर्जातच जीएसटी क्रमांक द्या, म्हणजे वार्षिक फीवरचा १८ टक्के कर बँकेच्या बिलावर तुमच्या क्रमांकासह येतो आणि त्याचं इनपुट क्रेडिट मागता येतं, म्हणजे तेवढी रक्कम तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा करता येते. विमानाचं तिकीट माइल्सवर काढण्याआधीही हा विचार करा. रोख तिकिटावरचा जीएसटी परत मिळत असेल तर ते तिकीट तुम्हाला तेवढंच स्वस्त पडतं, आणि माइलची किंमत त्या प्रमाणात उतरते.

पुरवठादार कार्डावर दोन टक्के जादा मागत असेल तर दोन लाखांच्या बिलावर जीएसटीसह ४,७२० जातात आणि एक टक्क्याने २,००० येतात. केवळ माइलस्टोन गाठायला असं करायचं असेल तर माइलस्टोनची किंमत २,७२० पेक्षा बरीच जास्त हवी. कार्ड न घेणाऱ्या विक्रेत्याला मध्यस्थामार्फत पैसे पाठवण्याच्या अशाच एका व्यवस्थेला रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये थांबवलं. तिच्यावर माइलस्टोनचं गणित बांधणाऱ्यांची अडचण झाली असणार.

आणखी तीन प्रश्न बँकेला लेखी विचारा. पॉइंट मालकाच्या नावावर जमा होणार की कंपनीच्या? थकबाकीची जबाबदारी वैयक्तिक की संस्थेची? आणि नोकरांच्या अ‍ॅड-ऑन कार्डांना वेगवेगळी मर्यादा लावता येते का? घरखर्च या कार्डावर टाकू नका. बँकेला अशा कार्डाचा वापर कशासाठी होतो यावर लक्ष ठेवावं लागतं. शिवाय वर्षात १० लाख किंवा जास्त कार्डबिल भरलं की त्याची माहिती आयकर खात्याकडे जाते, तेव्हा घर आणि धंदा वेगळे दाखवता आले पाहिजेत.

अकरावा महिना

कार्ड आल्याच्या दिवशीच फोनमध्ये अकराव्या महिन्याची आठवण लावून ठेवा. त्या दिवशी दुसऱ्या वर्षाचा हिशेब पुन्हा मांडा. शुल्कात बदल करायचा तर बँकेने किमान एक महिना आधी कळवलं पाहिजे आणि त्या कारणाने कार्ड परत करणाऱ्याकडून जास्तीचं शुल्क घेता येत नाही. त्यामुळे बँकेचे ईमेल न वाचता पुसू नका. बंद करायचं ठरलं तर आधी सगळे पॉइंट वापरा किंवा दुसरीकडे हलवा, ईएमआय आणि बाकी चुकती करा, ऑटो-पे दुसऱ्या कार्डावर न्या आणि मग अर्ज करा. सर्व बाकी फेडलेली असेल तर बँकेला सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. उशीर झाला तर खातं बंद होईपर्यंत दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. अर्जाची पोचपावती जपून ठेवा.