अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याआधी वाकळ टांगून बघा : या चुका टाळा

परभणीतल्या माझ्या मावसभावाने दिवाळीत नवा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. तिसऱ्याच दिवशी फोन आला, "दादा, पैसे पाण्यात गेले. जुन्याचा अन् याचा आवाज सारखाच!" जाऊन बघितलं, तर खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब आणि चारी भिंती उघड्या. मधोमध उभं राहून टाळी वाजवली, ती टणटणत परत आली. अशा खोलीत लाखाचा सेट आणला तरी एक शब्द भिंतीवर आपटून पुढच्या शब्दात घुसणारच. दुकानदार हे सांगत नाही, त्याला खोके विकायचे असतात.

आम्ही फरशीवर सतरंजी टाकली आणि बसायच्या जागेमागच्या भिंतीवर आजीची जाड वाकळ टांगली. टाळांचा कर्कशपणा लगेच उतरला. पातळ पडद्याने मात्र फारसं काही होत नाही.

डग्गा तरीही घुमतच होता. तो वाकळीने आवरत नाही, कारण खर्जाच्या लांब लहरी तेवढ्या जाडीला जुमानत नाहीत. खरी चूक होती स्पीकर कोपऱ्यात ठेवण्याची. कोपरा खर्ज फुगवतो. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढले आणि बोल सुटे ऐकू आले. दोन स्पीकर आणि आपण, असा सारख्या बाजूंचा त्रिकोण जमवा. ट्विटर, म्हणजे बारीक-तार आवाज काढणारा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला हवा. आपण बहुतेक जण खाली मांडी घालून ऐकतो आणि स्पीकर असतात कपाटावर! खाली आणता येत नसतील तर निदान पुढे झुकवा.

वायर उलटी लागणं ही तर घरोघरची चूक. एका स्पीकरला लाल-काळं बरोबर आणि दुसऱ्याला उलटं झालं, की खर्ज गायब होतो आणि गायक मधोमध उभा न राहता खोलीभर पसरतो. वायरवर खूण नसेल तर ती अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवा आणि घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल तिच्या टोकांना क्षणभर टेकवा. वूफरचा, म्हणजे खर्ज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, पडदा बाहेर आला तर सेलच्या धन टोकाची तार लाल.

खोक्यावरचे ५००० वॉट विसरा. तो पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा असतो. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे खरे वॉट किती, ते विचारा. मागच्या पट्टीवर ६० वॉट वीज खातो असं लिहिलेलं यंत्र ५००० वॉट आवाज कुठून देणार? आणि खरे वॉट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. उलट छोटा अ‍ॅम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला की आवाज फाटतो आणि आधी ट्विटर जळतो. माझा एक असाच गेला, गणपतीत.

आता ‘घुंऽऽ’. गाणं बंद असतानाही गुणगुण येत असेल तर अ‍ॅम्प्लिफायर बिघडला असं धरू नका. जोडलेल्या वायरी एकेक काढत जा. डिशची किंवा कॉम्प्युटरची वायर काढताच आवाज थांबला, तर दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून वर्तुळ तयार झालंय. सगळं एकाच बोर्डावर घ्या. काही महाभाग अर्थिंगची पिनच तोडतात. ते जिवावरचं काम आहे. आपल्याकडे मे महिन्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डाही कोरडा ठाक होतो, म्हणून उन्हाळाभर त्यात पाणी ओतत राहा.

गुणगुण फक्त लाइट गेल्यावरच येते? मग दोष इन्व्हर्टरचा. स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी लहरींची वीज देणारा इन्व्हर्टर पंखासुद्धा गुणगुणवतो. गाण्यासाठी साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा घ्या. पारा ४२ च्या पुढे असताना अ‍ॅम्प्लिफायर बंद शोकेसमध्ये कोंडू नका, वर विणलेला रुमाल तर अजिबात नको.

फोनवरून ब्लूटूथने ऐकत असाल, तर आधी एखादं गाणं वायरने लावून फरक बघा. फाइलच १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ हजार बिट माहितीची) असेल तर दोन्हीकडे जवळपास सारखीच ऐकू येईल. सीडीवर हाच आकडा १४११ असतो.

आणि जुने स्पीकर फरफरतात म्हणून भंगारात देऊ नका. जाळी काढून पडद्याच्या कडेचा फोम बोटाने दाबून बघा. भुगा होत असेल तर रिकोनिंग (स्पीकरच्या पडद्याची दुरुस्ती) करणारा कारागीर कड बदलून देतो. मावसभावाच्या माळ्यावरची जोडी तशीच निघाली.