रंग दिवाळीनंतर द्या पण तयारी मे महिन्यातच सुरू करा (नागपूरच्या घरांसाठी)

घराला रंग द्यायचा म्हटलं की आपल्या इकडे सगळ्यांना दिवाळीच आठवते, आणि ऑक्टोबर लागला की सगळ्या नागपूरचे पेंटर एकदमच बिझी, फोन लागला तरी "दोन दिवसात येतो भाऊ", मग जो भेटेल त्याला घाईघाईत काम देऊन टाकायचं. माझं म्हणणं एवढंच की प्लॅनिंग मे मध्ये सुरू करा आणि ब्रश भिंतीला नोव्हेंबरच्या शेवटी नाहीतर जानेवारीत लागू द्या. आपल्या भिंती वर्षभर एकसारख्या राहतच नाहीत, उन्हाळ्यात एक दुखणं दिसते आणि पावसाळ्यात दुसरं, दोन्ही पाहून घेतल्याशिवाय कितीही महागाचा रंग लावा, पोपडे येणारच.

मे मध्ये भेगा पाहायच्या. विदर्भातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, त्यामुळे अशा जमिनीवरच्या घरांत भेगा उन्हाळ्याच्या शेवटी सगळ्यात रुंद झालेल्या असतात. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलची आडवी रेघ मारा, बाजूला तारीख टाका, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. काही महिन्यांनी भेग रेघेच्या पुढे गेली नसेल आणि केसासारखी बारीक असेल तर पुट्टीत भागते. पुढे सरकली असेल तर नुसती पुट्टी भरून उपयोग नाही, भेग थोडी कोरून त्यात लवचिक क्रॅक फिलर भरावा लागते, वरून जाळीची पट्टी. आणि भेग तिरपी, बोटाची कड आत जाईल एवढी असेल तर पेंटरच्या आधी इंजिनिअरला बोलवा, तिथे कंजूसी नको.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं असेल तर तेही पावसाच्या आधीच, सकाळी लवकर, कारण पंचेचाळीसच्या वर पारा गेला की दुपारी स्लॅबवर लावलेलं काहीही नीट बसायच्या आधी वाळून जाते. स्लॅब आणि पॅरापेटचा (गच्चीच्या कठड्याचा) जोड, पाइप जिथून खाली उतरतो ती जागा, टाकीच्या खालचा भाग, गळती बहुतेक इथूनच असते.

आता कूलर. नागपूरच्या घरात सगळ्यात खराब भिंत कोणती असते, तर कूलरच्या खिडकीखालची. पंप चालू राहते, पॅडमधून थेंब चौकटीच्या कोपऱ्यात झिरपत राहतात, उन्हाळाभर ती भिंत ओली, आणि कूलर बंद झाला की लगेच पाऊस सुरू. म्हणजे या भिंतीला वाळायला वेळच मिळत नाही. तिथे पांढरी पावडर फुटलेली दिसते तो लोणा, भिंतीतलं मीठ पाण्यासोबत बाहेर येऊन राहिलं. तो कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुतला तर मीठ परत आत जाते. आणि ओल थांबवल्याशिवाय त्यावर पुट्टी मारली की पुट्टीसकट पापुद्रा निघतो. कूलरचं स्टँड बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं करा, चौकटीची फट भरून घ्या, खर्च फार नाही पण पुढचा सगळा खर्च वाचतो.

पावसाळ्यात फक्त पाहायचं काम. ओलीचा डाग दिसला की त्याच्या कडेने पेन्सिल फिरवायची आणि तारीख. मोठ्या पावसानंतर डाग वाढला तर पाणी बाहेरून किंवा गच्चीवरून येते. पाऊस नसतानाही तसाच राहिला तर बाथरूमची लाइन लीक असेल, आधी प्लंबर.

ऑक्टोबरमध्ये भिंत वाळली की नाही ते बघायची सोपी रीत आहे. फूटभर पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारही बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा, एक दिवस तसंच राहू द्या. आतून धुकं किंवा थेंब दिसले तर भिंतीत अजून पाणी आहे, थांबा. दिवाळी लवकर आली आणि पाऊस उशिरा गेला असं असेल तर सरळ जाळे-जळमटं काढून, पुसून घ्या आणि रंग नंतर द्या. पाहुण्यांना काही फरक पडत नाही, भिंतीला पडते. घरात दहावी-बारावीचं पोर असेल तर फेब्रुवारी-मार्च सोडून द्या.

मग हिशोब. पेंटरच्या अंदाजावर डबे आणू नका, टेप घेऊन स्वतः मोजा. समजा खोली १२ बाय १० आणि उंची १० फूट. चार भिंतींची लांबी ४४, गुणिले १० म्हणजे ४४० चौरस फूट, दार-खिडकीचे चाळीसेक वजा केले तर ४००, सीलिंगचे १२० मिळवा, झाले ५२०. डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात एका लिटरमध्ये किती चौरस फूट होते ते लिहिलेलं असते, तो आकडा एका कोटाचा (रंगाच्या एका हाताचा) आहे की दोन कोटांचा हे मात्र नीट वाचा, इथेच लोकांचा हिशोब डबल नाहीतर अर्धा होऊन जातो. एका कोटाला १२० लिहिलं असेल तर दोन कोटांना ५२० गुणिले २ भागिले १२०, म्हणजे पावणेनऊ लिटरच्या आसपास, १० चा डबा पुरते. सीलिंगला पांढरा वेगळा असेल तर तो वेगळा काढा. एका भिंतीला एकाच बॅचचा रंग लागला पाहिजे, दोन डबे असतील तर बादलीत एकत्र करून घ्या नाहीतर शेडमध्ये फरक दिसतो.

शेड कार्डावरून रंग फायनल करू नका. छोटा सॅम्पल आणा, दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन बाय दोन फूट लावा, सकाळी पाहा आणि रात्री ट्यूबलाइटमध्ये पाहा. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला गडद रंग मला तरी पटत नाही, आपल्या उन्हात लवकर फिका पडतो आणि खोलीही तापते.

पेंटरशी बोलताना रेटच्या आधी कामाचं बोला. घासाई किती, पुट्टीचे कोट किती, प्रायमर मारणार की नाही, मोजमापात दार-खिडकी वजा होणार का, शिडी-पायाड कोणाचं, शेवटी फरशीवरचे डाग कोण काढणार. हे सगळं कागदावर. मटेरियल शक्यतो स्वतः आणा. बऱ्याच डब्यांवर पेंटरसाठी टोकन किंवा स्कॅनचे पॉइंट असतात, ते त्याला आनंदाने द्या, फक्त त्यासाठी ब्रँड बदलू देऊ नका. डबा तुमच्यासमोर उघडायचा आणि पाणी डब्यावर लिहिलं तेवढंच मिसळायचं, जास्त पाणी घातलं तर दोन कोट देऊनही भिंत झाकत नाही. पैसे टप्प्याने: थोडा अ‍ॅडव्हान्स, काही पुट्टी झाल्यावर, काही पहिल्या कोटानंतर, उरलेले सफाई झाल्यावर.

जुन्या दारांच्या आणि ग्रिलच्या ऑइल पेंटबद्दल जरा सीरियसली घ्या. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत असावं हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याच्या आधीच्या रंगात जास्त असू शकते. तो कोरडा घासला की धूळ घरभर होते आणि लहान मुलांना शिसं फार वाईट. वॉटर पेपरने ओलं करूनच घासायला सांगा, पेंटरला मास्क द्या, पोरांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा.

काम आतल्या खोलीपासून दाराकडे येत करा, सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरवता येते. बाहेरून रंगवताना पश्चिमेची भिंत सकाळी आणि पूर्वेची दुपारनंतर, तापलेल्या भिंतीवर रंग ओढला जात नाही, ब्रशच्या रेघा राहतात. उरलेला रंग लहान बाटलीत गच्च भरून ठेवा, त्यावर खोलीचं नाव, शेड नंबर आणि महिना लिहा, आणि डब्यावरच्या शेडच्या स्टिकरचा फोटो बिलासोबत ठेवा.