आखाजीच्या जेवणानंतर शुगर आणि पाय घरी कसे बघायचे

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे खापरावरची पुरणपोळी आणि आमरस ठरलेलाच, आणि नानांना डायबेटिस असूनही ते वाटीवर वाटी रस ओतून घेतात, वर म्हणतात "एक दिनमा काय व्हस". एका दिवसानं आजार वाढत नाही, ठीक आहे, पण पुढचे दोन-तीन तास कातडीतल्या रक्ताचं गणित बदलतं आणि नेमकं तेव्हाच बाहेर 44 डिग्री असतं.

होतं काय, तर कातडीत केसाहून बारीक नळ्यांचं जाळं आहे, ऊन लागलं की त्या उघडतात आणि अंगातली उष्णता बाहेर जाते. एरवी मिनिटाला साधारण 250 मिली रक्त कातडीतून फिरतं, अति उष्णतेत तेच 6 ते 8 लिटरपर्यंत जाऊ शकतं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्यानं ती सैल होते. शुगर एकदम चढली की हे नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं आणि वाहिनी हवी तेवढी उघडत नाही. लॅबमध्ये 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून, कातडी गरम करून, लेझर डॉप्लरनं, म्हणजे कातडीवर लेझरचा उजेड टाकून रक्त किती फिरतंय ते मोजणाऱ्या यंत्रानं, हे बघतात. सगळ्या प्रयोगांत एकसारखं येत नाही, कारण इन्सुलिन स्वतः वाहिन्या उघडायला मदत करतं, म्हणजे दोन्हीकडून ओढाताण.

लेझर आपल्या घरी नाही, ग्लुकोमीटर आहे, म्हणजे बोट टोचून स्ट्रिपवर रक्ताचा थेंब घेऊन शुगर दाखवणारं छोटं मशीन. तर पहिलं, जेवायच्या आधी एक रीडिंग घ्या आणि पहिला घास खाल्ला ती वेळ लिहून ठेवा, हात धुतल्याची नाही.

दुसरं, दोन तासांनी परत. इथे सगळे चुकतात. मागच्या वर्षी नानांचं रीडिंग 312 आलं, घरात गडबड, आक्का रडायला लागली, मग बघितलं तर बोटाला रस चिकटलेला! साबणानं हात धुवून, नीट कोरडा करून परत टोचलं तर 208. म्हणून आधी हात धुवा, बोटाच्या शेंड्यावर नाही तर बाजूला टोचा, तिथे कमी दुखतं. स्ट्रिपची डबी खिडकीत किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, बहुतेक स्ट्रिपांना 30 डिग्रीच्या वर चालत नाही आणि आपल्याकडे मे महिन्यात घरातच तेवढं असतं. डायबेटिस असलेल्यांना जेवणानंतर साधारण 180 च्या आत ठेवायला सांगतात, तुमचा आकडा डॉक्टरांनी वेगळा दिला असेल तर तोच धरा.

तिसरं म्हणजे पाय. आडवं पडून अंगठ्याचं नख पाच सेकंद दाबा, पांढरं पडेल, सोडल्यावर साधारण दोन सेकंदात गुलाबी व्हायला पाहिजे. ही ढोबळ टेस्ट आहे, शुगरमुळे आत्ता किती फरक पडला ते यात दिसणार नाही, पण रक्त नीट येतंय की नाही याचा अंदाज येतो. एक पाय थंड आणि दुसरा गरम लागला, बोट काळं-निळं दिसलं किंवा जखम झाली, तर त्याच दिवशी दाखवा, हळद भरून बसू नका.

आता शुगरची चढण कमी कशी करायची. आधी कोशिंबीर, भाजी, वरण खा, पोळी आणि रस नंतर, या क्रमानं शुगर कमी उसळते. जेवण झालं की 10-15 मिनिटं चाला, पण दुपारी गच्चीवर नाही, घरातच किंवा ओसरीत, आणि चप्पल घालूनच, कारण ज्यांच्या तळपायाची जाणीव कमी झालीय त्यांना तापलेल्या फरशीचा चटका कळतच नाही, फोड आल्यावर समजतं. इन्सुलिन किंवा शुगर पाडणाऱ्या गोळ्या चालू असतील तर चालताना खिशात साखर ठेवा, घाम-थरथर सुटली आणि मीटरवर 70 च्या खाली आलं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, 15 मिनिटांनी परत टोचून बघा.

हे सगळे आकडे वेळेसकट वहीत लिहा, रस किती वाट्या तेही. नाना दोनच लिहितात, खरं आक्काला विचारावं लागतं.